लतीफभाईंच्या मलमलीच्या थैल्या

माझ्या जावयाला अजून वाटतं, की मी शेती खात्यात होतो म्हणजे खेडोपाडी बी-बियाणं वाटत फिरत होतो. मी त्याला दुरुस्त करत नाही. बियाणं वाटलं हेही खरंच आहे. पण नोकरीतलं जे काम मला आवडलं, आणि जे मला बऱ्यापैकी जमलं असं मी छातीवर हात ठेवून सांगतो, ते वेगळं होतं. कुणीतरी म्हणायचं, "अमक्यामुळे तमकं होते." ते खरं की खोटं, हे वावरात जाऊन तपासायचं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमच्या साहेबांचे साहेब नागपुरात बसत आणि मी नांदुऱ्याला 'कामदार' होतो. कामदार म्हणजे खात्यातला सगळ्यात खालच्या पायरीवरचा शिकलेला माणूस. शेती-शाळेचा दाखला, एक सायकल, एक मोजायची फीत आणि वर सरकारी टोपी. लोक 'कामदारसाहेब' म्हणत, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मी मागे वळून बघत असे, की साहेब कोण आले.

लोकांची गाऱ्हाणी मोठी मजेदार असत. वरवट बकालचा एक शेतकरी एकदा हटून बसला, की शेजाऱ्याची बाभूळ माझी ज्वारी खाते, तसा दाखला द्या. मी बाभळीच्या आणि ज्वारीच्या मधोमध अर्ध्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कमरेइतका चर खणला, उरलेला अर्धा धुरा तसाच ठेवला. चर होता तिथली ज्वारी सावलीत असूनही उठली. चर नव्हता तिथली खुजी राहिली. म्हणजे खात होती ती मुळं, सावली नव्हे. हा निकाल दोघांनाही आवडला नाही. एकाला बाभूळ तोडून हवी होती, दुसऱ्याला ती निर्दोष सुटायला हवी होती, आणि मी दोघांनाही सांगत होतो, की दर दोन-तीन वर्षांनी चर खणत जा. दोघं मिळून माझ्यावर रागावले. त्यांच्यात तेवढीच काय ती एकी झाली.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगतो. आमच्या तपासणीची सुरुवात उलटीकडून होते. समजा कुणी म्हणालं, माशीमुळे बी बिघडतं. तर आधी असं धरून चालायचं, की माशी असली काय नि नसली काय, बियाला काही फरक पडत नाही. मग दोन सारखी ठिकाणं घ्यायची; एकीकडे माशी येऊ द्यायची, दुसरीकडे नाही, बाकी सगळं जसंच्या तसं. शेवटी मोजायचं. फरक इतका ठळक निघाला, की तो नुसत्या नशिबानं पडला असं म्हणवत नाही, तरच आधी धरून चाललो होतो ते सोडून द्यायचं. यातलं मोजणं सोपं. 'बाकी सगळं जसंच्या तसं' हे चार शब्द माणसाला रडवतात. मला ते कसे आणि कुणी शिकवले, ती ही हकीकत.

नांदुऱ्याहून वडनेर भोलजीकडे जाताना वाटेत एक लहान गाव लागतं. त्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून नांदतात, आणि दिवाळी अंक हल्ली सगळीकडे पोचतो. तिथं पुंजाजी नावाचे एक शेतकरी होते; गाव त्यांना पाटील म्हणे. पन्नाशीचे, अंगानं काटक, बोलायला कमी. मोटेच्या पाण्यावर ते कांद्याचं बी काढत. निवडक कांदे दिवाळीच्या सुमारास परत जमिनीत रोवायचे, मग त्यांतून पोकळ दांडे वर येतात आणि टोकाला मुठीएवढा पांढरा फुलांचा गोंडा धरतो. त्या गोंड्यातून पुढं काळं बी मिळतं. शेगावच्या बाजारात पुंजाजींच्या बियाचं नाव होतं. घेणारा पुडी उघडून बघत नसे.

मी त्या भागात आलो त्याच्या आधीची दोन वर्षं हे नाव बुडालं होतं. बी पोचट निघालं. लोकांनी वाफे केले, पाणी दिलं, आणि वाफे रिकामेच राहिले. पुंजाजींच्या सख्ख्या मेव्हण्यानं भर बाजारात त्यांना म्हटलं, "भाऊजी, औंदा बी दिलं का कोयसा?" कोळशाच्या त्या टोमण्यापासून ते शेगावच्या बाजाराला गेले नव्हते.

त्यांच्या वावराच्या कडेला एक जुनी, अफाट चिंच होती. तिच्या खाली एका पिराची जागा. हिवाळा सुरू झाला, की त्या चिंचेच्या आडव्या फांद्यांना आग्यामोहोळं लटकायची, सात-आठ तरी. कांदा फुलला, की साऱ्या माशा पुंजाजींच्या गोंड्यांवर.

"पाहा तुमी डोयानं," पुंजाजींनी मला पहिल्याच भेटीत वावरात उभं करून दाखवलं. "एकेका गोंड्यावर चार-चार बसून राह्यल्या. फुलातला सारा रस पिऊन घेते, मंग दाण्यात काय राहीन? मले फकस्त तुमच्या खात्याचा कागद पाह्यजे. मोहोयं जाळाची हायेत."

"कागद कायले पाह्यजे? झाड तं कोनाचं नाई."

"झाड पिराचं हाये. लतीफचे लोक तिथी दिवा लावते. कागद असला म्हंजे थो काई म्हननार नाई."

लतीफभाई गावातले शिंपी. चाळिशीचे, बारीक दाढी, कानावर कायम खडूचा तुकडा. त्यांच्या घराण्याकडे पिराच्या जागेची झाडलोट पिढ्यान्‌पिढ्या होती. बाजाराच्या दिवशी ते वडनेरला शिलाईचं मशीन घेऊन बसत, एरवी गावात ओसरीवर. पुंजाजींची आणि त्यांची लहानपणापासूनची ओळख. पुंजाजींच्या अंगातली बंडी लतीफभाईंच्याच हातची. भांडण असं नव्हतंच. पण चिंचेच्या झाडाचं पानही तोडायचं नाही, ही लतीफभाईंच्या घरची रीत होती, आणि मोहोळ जाळायचं म्हणजे झाडाला आगीची झळ लागणार.

मला शाळेत शिकवलं होतं, की माशी एका फुलाची धूळ दुसऱ्या फुलाला लावते, तेव्हाच दाणा धरतो. पुंजाजी चूक आहेत याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नव्हती. वय सत्तावीस. मी म्हटलं, "पाटील, एक साल थांबा. मी दाखवतो तुमाले."

लतीफभाईंकडून मी मलमलीच्या साठ थैल्या शिवून घेतल्या. तोंडाशी नाडी, आत गोंडा सैल मावेल एवढ्या. त्यांनी प्रत्येक थैलीची शिवण दुहेरी घातली. "माशीचं काय सांगता येते? फट दिसली का शिरते," म्हणाले. कोणत्या गोंड्यावर थैली घालायची आणि कोणता उघडा ठेवायचा, हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तसं नाही केलं, तर माणसाचा हात आपोआप जाडजूड गोंडा आपल्या बाजूला ठेवतो. पुंजाजींना या चिठ्ठ्यांचं फार हसू आलं. "सरकार आता सोडत काढून शेती करते काय?" त्यांनी विचारलं. मी ऐकून घेतलं. मला शेवट ठाऊक होता.

आणि शेवट तसाच आला. थैलीतले गोंडे वाळून हातात घेतले, तर त्यांत दाणा जवळजवळ नाहीच. उघड्यांत भरपूर. मी तीनच दिवसांत अहवाल लिहिला, साहेबांकडे अकोल्याला पाठवला, आणि चावडीवर लोक जमवले.

त्या संध्याकाळी मी काय बोललो ते आठवलं, की अजून कानशिलं गरम होतात. दोन परातींत मी दोन ढीग मांडले होते. म्हटलं, "पाहा. माशी नाई, तं बी नाई. पाटलाचं म्हननं साफ खोटं निघालं. आता मोहोयाच्या वाटी कोनी जायाचं नाई."

लोक परातींत वाकून बघत होते. पुंजाजी भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात मागून लतीफभाई म्हणाले, "कामदारसाहेब, एक बात इचारू काय?"

"इचारा."

"गोंड्याले थैली घातली, तं दोन गोष्टी झाल्या ना? माशीबी बंद झाली, अन् ऊन-हवाबी बंद झाली. मंग बी कायनं मेलं, थे कसं समजाचं? माशी नव्हती म्हनून मेलं, का माह्या थैलीनं मारलं?"

ज्या क्षणी त्यांनी विचारलं त्याच क्षणी मला कळलं होतं, की माझी साठ थैल्यांची इमारत एका धक्क्यात बसली. जे मला समजायला हवं होतं ते ओसरीवर बसून काजं करणाऱ्या माणसाला समजलं होतं. आणि म्हणूनच मी म्हणालो, "लतीफभाई, तुमी बटनं लावा. हे शास्त्र हाये."

लोक हसले. लतीफभाईंनी मान खाली घातली. पुंजाजी मात्र हसले नाहीत. ते उठले, लतीफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "त्यानं बराबर इचारलं. उद्या तुमाले पोत्यात घातलं अन् तुमी मेले, तं म्या म्हनू काय का बायकोच्या हातचं जेवन भेटलं नाई म्हनून मेले?"

आता सगळे मला हसले.

त्यानंतर आठवडाभरानं मी सकाळी सायकलवरून गावात आलो, तर चिंचेखाली जमीन काळी दिसली. जवळ गेलो तेव्हा कळलं, मेलेल्या माशांचा थर होता. फांद्यांखाली अर्धवट जळलेली मेणाची पोळी पडली होती, आणि सगळ्यात मोठी आडवी फांदी कोळशासारखी झाली होती. आदल्या दिवशी अंधार पडता पडता पुंजाजींनी आणि चौघांनी लांब काठ्यांना पलिते बांधून मोहोळं जाळली होती. लतीफभाईंची म्हातारी आई वाकून, पायांनी माशा तुडवल्या जाऊ नयेत अशा बेतानं, पिराच्या ओट्यावरून राख झाडत होती. मी सायकल हातात धरून उभा राहिलो.

मग तसाच लतीफभाईंच्या ओसरीवर गेलो. त्यांनी मशीन थांबवलं नाही. मी खाली बसलो आणि म्हटलं, "लतीफभाई, प्रश्न तुमचा खरा होता. मी चावडीवर जे बोललो थे नालायकपनाचं होतं."

मशीनचं चाक थांबलं. "मले मालूम होतं कामदारसाहेब, का माह्या प्रश्नानं मोहोयाचं काय होईन. अम्माबी घरी आल्यावर बोलली, तू काऊन तोंड उघडलं म्हनून. पन मनात आलं अन् दाबून ठेवलं, तं थोबी खोटेपनाच झाला ना?"

मोहोळं वाचवण्यात ज्याच्या घराचा मान होता, त्यानं स्वतःच्या बाजूच्या पुराव्यातलं भोक दाखवलं होतं. मी पगार घेऊन ते झाकायला बघत होतो.

"औंदा परत करतो," मी म्हटलं.

"करा. थैल्या कशा शिवाच्या थे सांगा."

पुढच्याच आठवड्यात मी अकोल्याला साहेबांसमोर उभा होतो. साहेब पुण्याकडचे, हुशार आणि घाईचे. माझ्या वऱ्हाडी हेलाचं त्यांना नेहमी थोडं हसू यायचं. मी म्हटलं, कांद्याचा अहवाल मागे घ्यायचा आहे.

"अहो, तो मी नागपूरला पाठवलासुद्धा. छान होता की! आता कशाला?"

मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे एका शिंप्यानं शंका काढली म्हणून सरकारी अहवाल परत मागवायचा?"

"साहेब, प्रश्न कोणी विचारला हे नका बघू. उत्तर आपल्याजवळ आहे का, तेवढं बघा."

ते चष्मा पुसू लागले. मला वाटलं, कामदारकी गेली. घरी बायको आणि दोन लेकरं डोळ्यांसमोर आली. मग साहेबांनी कागद ओढला आणि नागपूरला दोन ओळी लिहिल्या: तपासणी अपुरी, पुढच्या हंगामात पुन्हा करत आहोत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "या वेळी नीट करा."

आता करायचं काय, यावर मी तो पावसाळाभर डोकं फोडलं. शेवटी शाळेत भोपळ्यावर केलेली एक गोष्ट आठवली. थैली बंदच ठेवायची, माशी आत जाऊच द्यायची नाही, पण माशीचं काम आपण हातानं करायचं. रोज सकाळी मलमलीचा मऊ बोळा शेजारच्या गोंड्यांवरून फिरवायचा, त्याला फुलांची पिवळी धूळ लागली, की थैली उचलून आतल्या गोंड्यावर फिरवायचा, आणि थैली पुन्हा बांधायची. थैलीच बियाला मारत असेल, तर असं करूनही दाणा धरणार नाही. दाणा धरला, तर थैली निर्दोष. म्हणजे आता गोंडे तीन तऱ्हांचे: काही उघडे, काही नुसते थैलीत, काही थैलीत पण हात फिरवलेले. कोणता कशात, ते पुन्हा चिठ्ठ्यांवर.

आणि हात कुणाचा? यावर मी अडून बसलो. ज्याला पटलेलं नाही त्याचाच हात पाहिजे. मी केलं असतं, तर पुंजाजी म्हणाले असते, कामदारानं काहीतरी खत चोळलं.

पुंजाजी आधी नाहीच म्हणाले. "म्या माशी होऊ काय या वयात?"

"तुमचं बी, तुमचं नाव. चुकीचा निघालो, तं मोहोयं परत आल्यावर जायाचा कागद मी स्वतः आनून देतो."

या बोलीवर ते तयार झाले. मग माघाच्या थंडीत रोज सकाळी, मोट सुरू व्हायच्या आधी, पुंजाजी धोतराचा काचा मारून गोंड्यांमधून फिरायचे. मी यादी वाचायचा, ते बोळा फिरवायचे. जाड, भेगाळलेली बोटं. पण गोंड्यावर फिरताना इतकी हलकी, की एक फूल मोडत नसे. नुसत्या थैलीतले गोंडेही मी त्यांना रोज उघडून परत बांधायला लावत असे.

"हे कायले?" त्यांनी चिडून विचारलं. "याईले तं बोळा लावाचा नाई म्हनता."

"नाई लावाचा. पन रोज उचला अन् बांधा. नाई तं उद्या तुमीच म्हनसान, का त्या दुसऱ्या थैल्याईले रोज हवा भेटली म्हनून पिकलं."

पुंजाजी त्या वर्षात पहिल्यांदा मोकळे हसले. "बाप्पा! आता तुमाले अक्कल आली."

त्या हंगामात गोंड्यांवर माशा नसल्यागतच होत्या. एखादी चुकार, किंवा बारक्या फुलमाशा. वावर फुलून पांढरं झालं होतं आणि सकाळी तिथं उभं राहिलं तर आवाज म्हणून काही नव्हता. पुंजाजींनाही ते जाणवत असावं.

गोंडे वाळले. एकेक गोंडा लहान पिशवीत घालून आम्ही सगळं यादीसकट लतीफभाईंच्या हवाली केलं. त्यांनी प्रत्येक पिशवीवर तऱ्हेप्रमाणे दोऱ्याचा टाका घातला; लाल, काळा किंवा पांढरा. कोणता रंग कशाचा, हे फक्त त्यांना माहीत. मोजायचं काम त्यांच्या अम्माकडे दिलं. तिनं वावर पाहिलं नव्हतं, यादी पाहिली नव्हती, आणि तिला कुणाचं खरं निघतं याच्याशी काही देणंघेणं नाही, असं ती स्वतःच म्हणाली. मोजणाऱ्याला ठाऊक असलं, की त्याचा डोळा न कळत इकडचा अर्धवट दाणा भरीव धरतो आणि तिकडचा पोचट. मला माझ्या डोळ्याचा भरवसा उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी अम्मानं आम्हांला बोलावलं. ओसरीवर सुपांत तीन ढीग होते, शेजारी रंगीत दोरे. पोचट दाणे तिनं वेगळे काढून टाकले होते. पांढऱ्या दोऱ्याचा ढीग असा नव्हताच. सुपाच्या तळाला चिमूटभर दाणे. काळ्या दोऱ्याचा ढीग मूठ-दोन मुठी. आणि लाल दोऱ्याचा ढीग इतका, की सूप उचलताना सांडेल.

अम्मा लाल ढिगावर हात ठेवून म्हणाली, "ये अच्छा है. ये उघड्यातलं होगा, है ना?"

मलाही तसंच वाटलं. उघडं ते सगळ्यांत चांगलं, हे तर सरळ होतं. पुंजाजींनी लतीफभाईंकडे पाहिलं. लतीफभाई म्हणाले, "नाई अम्मा. उघड्यातलं काळं. पांढरं नुसत्या थैलीतलं." मग ते पुंजाजींकडे वळले. "लाल तुमच्या हातचं हाये."

पुंजाजी खाली बसले. लाल ढिगातले दाणे त्यांनी तळहातावर घेतले, अंगठ्यानं दाबून पाहिले. भरीव होते. थैलीनं काही मारलं नव्हतं. बंद थैलीतच सगळ्यात चांगलं बी धरलं होतं. माझं खरं निघालं होतं. गेलं वर्षभर मी या घडीची वाट बघत होतो, आणि आता मला ती नकोशी झाली.

"म्हंजे," पुंजाजी हळूहळू म्हणाले, "जेवढ्या गोंड्याईवर माहा हात फिरला, तेवढेच भरले."

"हाव."

"अन् उघडे? थे तं उघडे होते. ऊन होतं, हवा होती. थे काऊन रिकामे राह्यले?"

गरम वारा, पाण्याची पाळी, अशी सांगण्यासारखी कारणं माझ्याजवळ होती. पण वारा आणि पाणी गेल्या सालीही हेच होतं, आणि तेव्हा उघडे गोंडे भरले होते. ही तीन सुपं त्यांनी स्वतः पिकवली होती आणि त्यांतलं त्यांना वाचता येत होतं.

पुंजाजींनी हातातले दाणे परत सुपात टाकले. "अम्मा," ते म्हणाले, "मोहोयं म्या जायली."

"मालूम है रे," अम्मा म्हणाली. "झाडू मैंनेच मारी."

मग तिनं आत आवाज देऊन चहा ठेवायला सांगितला. आम्ही तो पितळीतून प्यायलो. पुंजाजी शेवटपर्यंत तिथंच बसून होते; ऊन उतरलं तरी उठले नाहीत.

माझ्या कामदारकीतली ही सगळ्यात चांगली तपासणी. हे मी बढाई म्हणून नाही, हिशेबानं सांगतो. पुढं मी बढती मिळून वर गेलो, मोठ्या सरकारी फार्मवर मोठे प्रयोग केले, पण तीन सुपांत इतकं स्वच्छ उत्तर मला पुन्हा मिळालं नाही. नंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या कामदाराला मी पहिला प्रश्न हाच करत असे, की तुझ्या थैलीनं मारलं नाही कशावरून? काहींना तो माझा तिरसटपणा वाटायचा. वाटू दे.

खंत आहे ती वेगळ्या गोष्टींची. अहवालात मी स्पष्ट लिहिलं होतं, की तपासणीतली चूक अमुक गावच्या लतीफ शिंप्यानं दाखवली. पक्की प्रत छापून आली तेव्हा ते वाक्य नव्हतं. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, जागा नव्हती. एका ओळीला जागा नव्हती! मी ती प्रत लतीफभाईंना दाखवली नाही. आणि पहिल्याच वर्षी मला ही अक्कल असती, तर मोहोळं जळली नसती. चिंचेची ती मोठी फांदी पुन्हा पालवली नाही. शिवाय पुंजाजींचं बी आधीची दोन वर्षं पोचट का निघालं, हे मला अखेरपर्यंत कळलं नाही. शेवटचं पाणी लवकर तोडलं म्हणून असावं, असा माझा अंदाज. पण अंदाजाला अंदाजच म्हणायचं, एवढं मी तोवर शिकलो होतो.

मोहोळं तिसऱ्या हिवाळ्यात परत आली. आधी दोन, मग आणखी. त्याच्या पुढच्या साली फाल्गुनात पुंजाजींच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि मला आग्रहाचं बोलावणं आलं. वरात स्टेशनाकडून बैलगाड्यांनी आली होती. नवरदेव घोड्यावर, पुढं सनई, डफडी, आणि पाच-सहा उत्साही लोक हातात फटाके घेऊन. गावात शिरायची वाट चिंचेखालूनच. चिंचेच्या अलीकडच्या नाल्यापाशी पुंजाजी नव्या फेट्यात, हात जोडून रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"व्याहीबुवा, पाया पडतो. इथून थे समोरच्या पारापर्यंत वाजवू नका, अन् फटाके तं लावूच नका."

नवऱ्या मुलाचे वडील घोड्याशेजारी चालत होते. ते भडकलेच. "काऊन? माहा पोरगा काय चोरावानी येईन? लोकं काय म्हनतीन?"

"वर पाहा."

सगळ्यांनी वर पाहिलं. फांद्यांना काळी, चमकती मोहोळं लटकली होती.

"मंग इतकं भेव हाये, तं जाळून काऊन नाई टाकत?"

"जायली होती एक डाव. आता नाई."

"पिराचं काई हाये काय?"

"पिराचं लतीफ पाहीन. हे माह्या वावराचं हाये. याईच्याशिवाय माह्यं बी भरत नाई."

"असं कोनं सांगतलं तुमाले?"

पुंजाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला उभ्या असलेल्या लतीफभाईंकडे. "कोनं सांगतलं असतं तं म्या आयकलं नसतं," ते म्हणाले. "मोजून पाह्यलं."

व्याह्यांनी वाजंत्र्यांना हातानं खूण केली. सनईवाल्यानं सनई काखेत मारली, डफडी खांद्यावर गेली. शे-दीडशे माणसं, नटलेल्या बायका, घोडा, सगळी वरात पावलं न वाजवता चिंचेखालून निघाली. नवरदेव एका हातानं बाशिंग सावरत वर बघत होता. डावीकडे कांद्याचं वावर पांढरं झालं होतं, आणि त्यातून येणारा माशांचा आवाज एवढा भरून होता, की घोड्याचे कान हलत होते. पुंजाजी सगळ्यांच्या पुढं, उलटे चालत, दोन्ही हात हवेत दाबून धरल्यासारखे.

पार आला. त्यांनी हात वर केले, आणि सनई वाजू लागली.